मळा म्हणजे गाव नव्हे

"आईला गावी नेऊन ठेवलं," असं सांगितलं की वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणतात, "बरं केलंस बाई. चार माणसांत राहील." पण आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. नारायणगावच्या पुढे डांबरी सोडून पाणंदीनं आत आलं की ऊस, टोमॅटो, पुन्हा ऊस आणि मग दादाचं घर. शेजारचं घर दोन वावरं ओलांडून. सकाळी दादा-वहिनी रानात आणि पोरं शाळेत गेली की दुपारपर्यंत हाकेला ओ द्यायला कुत्र्याशिवाय कोणी नसतं. शहरातलं म्हातारं माणूस शेतावर हलवायचं तर गाव आणि मळा यांतला हा फरक आधी ध्यानात घ्यावा. पुढची सगळी तयारी त्यावरच ठरते.

वडील नवी मुंबईच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. जुन्नर-आंबेगावकडून पोट भरायला आलेल्या अनेकांसारखंच आमचंही बिऱ्हाड कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत पडलं. वडील गेल्यावर आई तिथं एकटीच राहिली. वय एकोणऐंशी, गुडघे दुखरे, बीपीची गोळी चालू आणि घरातला जिना शिडीसारखा उभा. मी नर्स आहे, ड्युट्या पाळीच्या. दादा म्हणाला, "आता तिला इकडंच आणू." आई म्हणाली, "आधी पाऊस बघते, मग सांगते."

तिचं बरोबर होतं. मे महिन्यात पाहुणा म्हणून आलेल्याला मळा गोडच वाटतो. आषाढात पाणंदीत चिखल होतो, डीपी जळाली की अंधार पडतो, ओल्या अंगणात पाय सरकतो. म्हणून एक पावसाळा तिनं मळ्यावर काढला आणि तोवर कोपरखैरण्याची खोली तशीच कुलपात ठेवली.

घराचं काम त्याआधी केलं. जुनं संडास-न्हाणीघर परसात, गोठ्याच्या कडेला होतं. आईच्या खोलीला लागूनच नवं काढलं. गवंड्याला दार बाहेर उघडणारं हवं म्हटलं तर तो हसला. मी त्याला सांगितलं, म्हातारं माणूस आत घसरून दाराला टेकून पडलं की आत उघडणारं दार हलत नाही, ते तोडावं लागतं. मग त्यानंच आतली कडी बाहेरूनही उघडेल अशी सुचवली. कमोडची बैठक जमिनीपासून दीड फूट ठेवली, म्हणजे गुडघ्यांवर जोर न देता उठता येतं. बाजूच्या भिंतीत पावणेतीन फुटांवर स्टीलचा जाड दांडा पक्का बसवला. टॉवेल टांगायच्या दांडीला धरून उठायला जाऊ नये, ती निखळून हातात येते. उंबरा घातला नाही. पाणी खोलीत येऊ नये म्हणून फरशीला उतार दिला, आणि फरशी खरखरीत घेतली.

घराचं जोतं दोन फूट उंच. दादाला उतरण हवी होती. पण चालायला सोपी उतरण करायची तर एक इंच चढाला एक फूट लांबी लागते, म्हणजे चोवीस फूट. अर्धं अंगण त्यातच गेलं असतं. आई चालती आहे, म्हणून सहा-सहा इंचांच्या चार रुंद पायऱ्या केल्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. पुढं चाकाची खुर्ची लागली तर उतरणीचा विचार तेव्हा करू.

झोपण्यावरून मात्र वाद झाला. आईला जमिनीवरच झोप लागते. शेताजवळच्या घरात हे धोक्याचं, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. तास-दोन तासांनी पोटात कळ येते, पापण्या जड होतात. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग बाज आणा." पण बाजेला झोळ पडतो, त्यातून उठताना गुडघ्यांचे हाल. शेवटी बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीचा लाकडी पलंग घेतला, आणि गादीखाली कडा खोचता येतील अशी मच्छरदाणी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच लस चालते. ती जवळच्या कोणत्या दवाखान्यात कायम असते हे साप निघायच्या आधीच विचारून ठेवावं.

वस्तीवरची लाईट शेतीच्या लायनीवरची. थ्री फेज पाळीपाळीनं कधी दिवसा तर कधी रात्री, एरवी सिंगल फेज, तीही जाते. म्हणून छोटा इन्व्हर्टर बसवला. पलंगापासून संडासापर्यंतचे दिवे त्याच्यावर आहेत, टीव्ही नाही. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. बीपीची गोळी घेणाऱ्याला एकदम उठलं की चक्कर येते, आणि पडणं बहुधा त्याच वेळी होतं.

जुन्नरला बिबट्याचा विषय टाळता येत नाही. उसात त्याला बारा महिने आडोसा मिळतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण उसातला बिबट्या उसातच असतो. वाकलेलं किंवा उकिडवं बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. आईला पहाटे अंधारात पूजेची फुलं तोडायची सवय. आता फुलं ऊन पडल्यावर, हातात काठी घेऊन. सांजेला दिवा लागला की सगळे आत.

आजारपणाची तयारी म्हणजे रस्त्याची तयारी. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण पावसाळ्यात ती डांबरीवरच थांबणार. म्हणून पाणंदीच्या तोंडाशी कुठलं देऊळ, कुठला फाटा, हे सांगता येईल असं मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवलं. चिखल असेल तर ट्रॅक्टर कोण काढणार हेही ठरलेलं आहे. गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घरात असतात. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ते योजनेतल्या दवाखान्यातच आणि दाखल झाल्यावरच चालतं, म्हणून आपल्या भागात असे दवाखाने कोणते याची यादी काढून ठेवली.

पैशांचं बोलणं आम्ही आईसमोर केलं. कोपरखैरण्याची खोली तिच्या नावावर आहे आणि तिच्याच नावावर राहील. पुढं ती भाड्यानं दिली, ते भाडं तिच्या खात्यात जमा होतं, आणि खात्याला मोबाईल नंबर तिचाच आहे. पुष्कळ घरांत म्हातारं माणूस हलवताना त्याच भरात बक्षीसपत्र होतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत न सांभाळल्यास परत मागता येते, पण ती अट दस्तात लिहिलेली असावी. मुलांकडे निर्वाहाचा खर्चही याच कायद्यानं, प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मागता येतो. आमच्याकडे तशी वेळ येईल असं नाही. तरी आईला हे माहीत असावं म्हणून मी तिला सांगितलं. दादा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "असू दे, माहीत असलेलं बरं."

सगळ्यात अवघड होती ती दुपार. कोपरखैरण्यात दारात बसलं की गल्ली बोलायची. इथं दारात बसलं की ऊस. पहिल्या महिन्यात आई तासन्‌तास पडून राहायची, जेवण कमी झालं. वहिनी म्हणायची, "आत्या, तुम्ही काही करू नका, आराम करा." आईला नेमकं तेच नको होतं. तिनं मागितलं काय, तर एका बर्नरची शेगडी आणि चहाचं सामान, स्वतःच्या खोलीत. वहिनीला आधी ते वेगळी चूल मांडल्यासारखं वाटलं. पण शेगडी आली आणि रोजानं येणाऱ्या बायका दुपारच्या सुट्टीत आईच्या खोलीपुढं बसू लागल्या. कोण कुठली, कोणाची सून, सगळं आईला पाठ. कांदा निवडायला घेतला की बराखीच्या सावलीत तिची खुर्ची असते, समोर उंच टेबल. वाकायचं नाही, पण चांगला-बदला कांदा वेगळा करायचा. नवऱ्यानं आयुष्यभर कांद्याच्या गोणी वाहिल्या, त्यामुळे कांद्यातलं तिला दादापेक्षा जास्त कळतं असं तिचं म्हणणं आहे. बायकांची हजेरी तिच्या तोंडी असते, वहिनी वहीत लिहिते. टोमॅटोच्या दिवसांत क्रेट किती गेल्या आणि भाव काय निघाला हे तिला सांगितल्याशिवाय दादाला चहा मिळत नाही. आठवडे बाजाराला ती एसटीनं जाते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, त्यामुळे "मला तिकीट नाही" हे ती कंडक्टरला ऐटीत सांगते.

एक गोष्ट मात्र घरोघरी सगळे गृहीत धरतात. आई मुलाकडे राहते असं म्हणायचं, पण तिचं पथ्य, गोळ्या, कपडे बघते सून, आणि मळ्यावर ती सून रानातही राबते. आम्ही ते तोंडानं बोलून ठरवलं. माझा वाटा मी वहिनीच्या खात्यात टाकते, दादाच्या नाही. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात वहिनी माहेरी जाते, तेव्हा रजा काढून मी मळ्यावर. रानातलं काम वाढलं की वस्तीवरची एक बाई पगारावर आईजवळ थांबते. हे ठरवताना वहिनी समोर होती, आईही होती.

पाऊस सरल्यावर आईनं कोपरखैरण्याची खोली भाड्यानं द्यायला होकार दिला, पण करार अकरा महिन्यांचाच करायचा अशी अट घातली. मुदत संपली की ती पुन्हा विचार करणार होती. केलाही. दादानं तीन वर्षांचा करार सुचवला, तर म्हणाली, "अकरा महिन्यांचाच कर. पुढचं पुढं सांगते."