कोरियन मालिकांचे चाहते आणि चर्चेची रीत

कोरियन मालिका बहुधा सोळा भागांची असते. आठवड्यातून दोन भाग, तेही लागोपाठच्या दिवशी, जसे सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार. दोन महिन्यांत गोष्ट संपते, आणि तिचा पुढचा हंगाम सहसा निघत नाही. आठवड्याचा दुसरा भाग हमखास अशा जागी थांबतो की पुढचे पाच दिवस तर्क लढवण्यावाचून प्रेक्षकापुढे पर्याय उरत नाही. या मालिकांविषयी इंटरनेटवर चालणारी अखंड चर्चा त्या पाच दिवसांतून जन्मली.

तिला आणखी एक कारण होते. दीर्घकाळ कोरियात मालिकेचे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जोडीनेच चालत असे. सुरुवातीचे काही भाग तयार ठेवून मालिका सुरू व्हायची आणि उरलेले भाग लिहिणे, चित्रित करणे, संकलित करणे हे सारे आठवड्याच्या धबडग्यात उरकायचे. साहजिकच प्रेक्षक काय म्हणतात हे लेखकाच्या कानावर वेळेत पडे, आणि आपण लिहिले तर कथेचे वळण बदलू शकते असे प्रेक्षकालाही वाटे. ते काही वेळा खरेही ठरे. त्यामुळे या चर्चेला सुरुवातीपासून एक वजन होते, आणि तिच्यातली धगही त्यातूनच आली.

कोरियातल्या अशा चर्चेचा गाजलेला पहिला मोठा नमुना म्हणजे २००३ सालची ‘दामो’ ही एमबीसी वाहिनीवरची मालिका. जोसॉन राजवटीच्या काळात गुन्ह्यांच्या तपासात मदत करणाऱ्या एका दासीची ती कथा. हा जी-वॉन आणि ली सो-जिन यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. भाग अवघे चौदा. पण वाहिनीच्या संकेतस्थळावरच्या प्रेक्षक-फलकावर जमलेल्या मजकुराची संख्या लाखांच्या घरात गेली. या मालिकेने झपाटलेल्यांना कोरियात ‘दामो फेइन’ असे नावच पडले. त्यांच्या बोलण्याची तऱ्हाही वेगळी होती. एकमेकांना उत्तर देताना ते रोजची बोलभाषा बाजूला ठेवून मालिकेतल्या पात्रांसारख्या जुन्या, अदबशीर वळणाच्या भाषेत लिहीत. वय, हुद्दा, नाव यांपैकी काहीच ठाऊक नसलेली माणसे एकमेकांशी समान पातळीवरच्या आदराने बोलू लागली. वयाने मोठा कोण, धाकटा कोण यावर क्रियापदाचे रूप ठरते अशा भाषेत ही लहान गोष्ट नव्हे. चर्चेची रीत चाहते स्वतः घडवू शकतात हे या फलकावर दिसून आले.

त्याच वर्षांमध्ये कोरियन इंटरनेटची दुसरी बाजूही वाढत होती. बातम्यांच्या खाली निनावी कमेंट लिहिण्याची सोय तिथल्या मोठ्या पोर्टलांवर होती, आणि मनोरंजनाच्या बातम्यांखाली कलाकारांच्या रूपावर, खासगी आयुष्यावर, घटस्फोटावर वाटेल ते लिहिले जाई. ‘माय लास्ट स्कँडल’ ही मालिका गाजल्याच्या वर्षीच, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, तिची नायिका चोइ जिन-सिल हिने आपले जीवन संपवले. तिच्याविषयी इंटरनेटवर पसरलेल्या खोट्या अफवांची त्यानंतर देशभर चर्चा झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गायिका आणि अभिनेत्री सल्ली हिचा मृत्यू झाला. ‘टू द ब्यूटिफुल यू’ या मालिकेची ती नायिका होती, आणि त्याच वर्षी कलाकारांना येणाऱ्या विखारी कमेंटवरच्या एका टीव्ही कार्यक्रमाचे सूत्रसंचालन ती करत होती. पुढच्याच महिन्यात तिची मैत्रीण, गायिका गू हारा गेली. अशा मृत्यूंचे एकच कारण सांगता येत नाही. पण या कलाकारांवर वर्षानुवर्षे काय लिहिले जात होते ते साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

यावर कोरियाने योजलेले उपाय नीट पाहण्यासारखे आहेत, कारण सक्तीने काय साधते आणि काय नाही ते त्यांतून कळते. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर कमेंट लिहिण्याआधी खऱ्या नावाची पडताळणी कायद्याने बंधनकारक झाली. पुढे दिवसाला लाखाहून अधिक वाचक असणाऱ्या स्थळांनाही ती लागू केली गेली. विखार काही थांबला नाही. उलट अशी वैयक्तिक माहिती साठवणे किती धोक्याचे आहे हे २०११ मध्ये दिसले, जेव्हा एका मोठ्या पोर्टलवरून सुमारे साडेतीन कोटी खातेदारांचा तपशील चोरीला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये संवैधानिक न्यायालयाने हा नियम अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा ठरवून एकमताने रद्द केला. दुसरा मार्ग कमेंटची जागाच बंद करण्याचा. सल्लीच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच दाउम या पोर्टलने मनोरंजनाच्या बातम्यांखालची कमेंटची सोय काढून टाकली. नेव्हर या पोर्टलने मार्च २०२० मध्ये तेच केले. तिसरा मार्ग शिक्षणाचा. इंग्रजीचे प्राध्यापक मिन ब्योंग-चोल यांनी २००७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना विखारी मजकुराने ग्रासलेल्या कलाकारांच्या पानांवर चांगले शब्द लिहायला सांगितले, आणि त्यातून ‘सनफुल’ ही चळवळ उभी राहिली. ती आजही शाळाशाळांतून काम करते.

पोर्टलची दारे बंद झाली तरी बोलणे काही थांबले नाही. ते चाहत्यांच्या स्वतःच्या गटांमध्ये आणि समाजमाध्यमांवर सुरू राहिले. कोरियाबाहेर तर ते आधीपासूनच जोरात होते. अशा ठिकाणी कायदा नसतो. असतात ते स्वयंसेवक, त्यांनी घालून दिलेले नियम आणि वर्षानुवर्षांच्या भांडणांतून आलेले शहाणपण.

त्यातला पहिला नियम स्पॉयलरचा. नवा भाग आला की त्याच्यापुरता वेगळा धागा उघडतात, शीर्षकात भागाचा क्रमांक असतो, आणि त्या धाग्यात पुढच्या भागाविषयी एक अक्षरही लिहायचे नसते. पुढचे काही सांगायचेच असेल तर मजकूर झाकून ठेवायची सोय वापरायची. हा नियम वरवर किरकोळ दिसतो. पण एकाच गटात कोरियात प्रत्यक्ष प्रक्षेपण पाहणारा, उपशीर्षकांसाठी काही तास थांबलेला आणि आठवडाभराने सुट्टीच्या दिवशी दोन्ही भाग पाहणारा असे सगळेच असतात. आधी पाहिलेल्याने मागून येणाऱ्याचा आनंद जपणे हा इथल्या आदराचा पाया आहे. नेटफ्लिक्सने काही मालिकांचे सगळे भाग एकाच दिवशी आणायला सुरुवात केल्यापासून हे अवघड झाले आहे. ‘स्क्विड गेम’च्या वेळी, २०२१ मध्ये, कोण कुठवर पोचला आहे याचा कोणालाच अंदाज येईना.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम पात्र आणि कलाकार वेगळे ठेवण्याचा. त्याची खरी कसोटी लागते ती प्रेमत्रिकोणात. कोरियन मालिकांमध्ये नायकाच्या जोडीला बहुधा एक ‘सेकंड लीड’ असतो: समजूतदार, एकनिष्ठ आणि नायिकेच्या वाट्याला न येणारा. प्रेक्षकांचे मन त्याच्यावर जडते, आणि मग दोन तट पडतात. २०१५-१६ मधल्या ‘रिप्लाय १९८८’ मध्ये नायिकेचा नवरा नेमका कोण हे शेवटापर्यंत गुलदस्त्यात ठेवले होते. कोरियन प्रेक्षकांनी दोन्ही बाजूंना नावे देऊन आठवडेच्या आठवडे वाद घातला. २०२० च्या अखेरीस आलेल्या ‘स्टार्ट-अप’ने तो वाद जगभर नेला.

‘स्टार्ट-अप’ची गुंतागुंत थोडक्यात अशी. अनाथ हान जी-प्योंगला नायिका दाल-मीची आजी आपल्या खाद्यपदार्थांच्या दुकानात आसरा देते. नात दाल-मी एकटी पडली आहे, तिला पत्रे लिही, असे ती त्याला सांगते. तो पत्रे लिहितो, पण वर्तमानपत्रात दिसलेल्या नाम दो-सान या मुलाच्या नावाने. बऱ्याच वर्षांनंतर दाल-मी त्या नावाच्या माणसाचा शोध घेते आणि खऱ्या दो-सानला ती पत्रे आपलीच असल्याचे भासवावे लागते. पत्रे लिहिणारा मोठा की पुढे तिच्यासोबत उभा राहणारा मोठा? प्रश्न खरोखर चांगला आहे. दाल-मी प्रेमात पडली ती शब्दांच्या की माणसाच्या, खोटे दोघेही बोलले तर दोष कोणाकडे जास्त जातो, आजीची जबाबदारी काय, यांवर कितीही बोलता येते. (तिचा निर्णय इथे मुद्दाम सांगितलेला नाही.)

आता याच मुद्द्यावरची दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘दो-सानने तिसऱ्या माणसाच्या पत्रांचे श्रेय घेतले आणि लेखिकेने त्याला त्याची किंमत पुरेशी मोजायला लावली नाही, असे मला वाटते.’ हे पहिले. ‘दो-सान आवडणाऱ्यांना अक्कल नाही आणि त्या नटाला अभिनय येत नाही.’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात टीका कमी नाही; उलट ती नेमकी आहे, आणि तिला उत्तर देता येते. दुसऱ्यात मालिकेविषयी काहीच उरत नाही: एक टोला समोरच्या प्रेक्षकाला, एक कलाकाराला. सुजाण गटांमध्ये दुसऱ्या प्रकारचे वाक्य काढून टाकतात आणि पहिले राहू देतात, कितीही कडक असले तरी. ‘सभ्य बोला’ याचा अर्थ ‘फक्त कौतुक करा’ असा घेणारे गटही आहेत. तिथे थोडी नाराजी दिसली तरी माणूस बाहेर काढला जातो. अशा गटात शांतता असते, पण चर्चा मरते.

संस्कृतीचा प्रश्न आला की मामला नाजूक होतो. ‘रॅकेट बॉईज’ (२०२१) या बॅडमिंटनवरच्या मालिकेत इंडोनेशियातले यजमान आणि तिथले प्रेक्षक वाईट रंगवले होते. बॅडमिंटन जिथे जीव की प्राण आहे त्या देशातल्या चाहत्यांनी ते सहन केले नाही. एसबीएस वाहिनीला माफी मागावी लागली. २०२३ मध्ये ‘किंग द लँड’मधल्या अरब राजपुत्राच्या उथळ चित्रणावर अरब प्रेक्षकांनी आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ती भूमिका केली होती दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने, ‘स्क्विड गेम’मधल्या अलीने. तक्रार भूमिकेच्या लेखनाची होती, तरी काहींनी तिचा रोख कलाकाराकडे वळवला. स्वतः कोरियन प्रेक्षकांनीही मार्च २०२१ मध्ये ‘जोसॉन एक्सॉर्सिस्ट’ ही मालिका इतिहासाचा विपर्यास करते म्हणून अवघ्या दोन भागांनंतर बंद पाडली. जाहिरातदारांनी पाठ फिरवल्यावर वाहिनीचा नाइलाज झाला. प्रेक्षकांचा शब्द किती भारी ठरू शकतो हे त्यावरून कळते. म्हणूनच तो कोणावर पडतो याची काळजी घ्यावी लागते: लेखन आणि निर्मिती ठरवणारे वेगळे, आणि नेमून दिलेले संवाद म्हणणारे वेगळे.

या चर्चेतला एक वर्ग कायम पडद्याआड राहतो, तो उपशीर्षके करणाऱ्यांचा. २००७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१३ मध्ये राकुतेन कंपनीने विकत घेतलेल्या ‘विकी’ या मंचावर बरीचशी उपशीर्षके चाहतेच विनामोबदला तयार करतात: कोणी दृश्याचे तुकडे पाडतो, कोणी भाषांतर करतो, कोणी तपासतो. भाग आल्यावर दोन तासांत ‘अजून इंग्रजी का नाही’ म्हणून ओरडणारे असतातच. त्याच मंचावर चालू दृश्यावर नेमक्या क्षणी कमेंट उमटण्याची सोय आहे. एकट्याने पाहणाऱ्याला तिच्यामुळे सोबत मिळते, पण मालिका दुसऱ्यांदा पाहणाऱ्याने घाईत लिहिलेली एक ओळ शेकडो नव्या प्रेक्षकांची मजा घालवते. कमेंट दिसू न देण्याचे बटण तिथे आहे, आणि पहिल्यांदा पाहताना ते वापरावे असा जाणत्यांचा सल्ला असतो.

आदराची ही रीत पडद्याबाहेरही लागू होते. ‘होमटाउन चा-चा-चा’ (२०२१) पाहून लोक पोहांगमधल्या चित्रीकरणाच्या घरांमध्ये शिरू लागले, तेव्हा ही खासगी घरे आहेत, आत जाऊ नका, असे निर्मात्यांना जाहीरपणे सांगावे लागले.

महाराष्ट्रातल्या चाहत्यांची चर्चा बहुतांशी व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर, मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्रणात चालते. त्यांना जो अनादर सोसावा लागतो तो पुष्कळदा बाहेरून येतो: ‘हे सगळे सारखेच दिसतात’, ‘या कसल्या बायकी पुरुषांच्या मालिका’. पहिल्या वाक्यातला वंशभेद कोरियापुरता राहत नाही. ईशान्य भारतातून पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या मुलामुलींना तो रस्त्यावर रोज ऐकावा लागतो. त्या मुलांपैकी मणिपूरच्या मुलांना या मालिकांची ओळख फार आधीची आहे. सन २००० मध्ये तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यावर रिकामी झालेली जागा कोरियन वाहिन्या आणि सीडींनी भरून काढली होती. मराठी गटांमध्ये अशी मुले बोलायला लागली की चर्चेची पातळी चटकन उंचावते, कारण त्यांच्यामागे त्यांच्या घरांचे वीस-पंचवीस वर्षांचे पाहणे असते.

व्हॉट्सॲपच्या गटात मोठी अडचण अशी की तिथे विषयवार धागे सहसा नसतात; सगळे एकाच ओळीत वाहते. त्यामुळे काही ॲडमिन एका मालिकेसाठी एक वेगळा गट उघडतात आणि शेवटच्या भागानंतर तो बंद करतात. काही गटांत संदेशाच्या सुरुवातीला मालिकेचे नाव आणि भागाचा क्रमांक लिहून, मग दहा-बारा ओळी मोकळ्या सोडून मजकूर लिहितात, म्हणजे तो चटकन नजरेस पडत नाही. वाद पेटला तर ॲडमिन काही तास फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करतो, ज्याने वैयक्तिक वार केला त्याला खासगीत लिहून कळवतो, आणि दुसऱ्या दिवशी गट पुन्हा उघडतो. चारचौघांत खरडपट्टी काढली की माणूस हट्टाला पेटतो. खासगीत सांगितले तर बहुतेक जण आपली ओळ स्वतःच पुसतात.