व्हिस्की : प्रकारवाचक संज्ञा आणि आस्वादाची परिभाषा

व्हिस्कीच्या बाटलीवरील मजकुरात दोन भिन्न परिभाषा एकत्र नांदत असतात. 'सिंगल मॉल्ट', 'ब्लेंडेड', '१२ वर्षे' या संज्ञांचा अर्थ कायद्याने ठरविलेला असतो. 'धुरकट', 'व्हॅनिलासारखी', 'सुक्या मेव्याची गोडी असलेली' ही वर्णने मात्र आस्वादकाच्या नाकाने व जिभेने दिलेली साक्ष होय. पहिल्या शब्दांची शहानिशा न्यायालयात होऊ शकते, दुसऱ्यांची काही प्रमाणात प्रयोगशाळेत. 'स्मूथ' व 'प्रीमियम' यांची शहानिशा कोठेच होत नाही, आणि वेष्टनावर बहुधा हेच शब्द सर्वांत ठळक असतात.

'व्हिस्की' हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील 'जीवनजल' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. धान्य आंबवून, त्याचे आसवन करून लाकडी पिंपात मुरविलेले मद्य हा त्याचा तेथील आजचा अर्थ वादातून निश्चित झाला. १८३० च्या सुमारास ईनिअस कॉफी याने अखंड चालणाऱ्या आसवनयंत्राचे पेटंट घेतले. मका, गहू यांसारख्या धान्यांपासून सौम्य व स्वस्त मद्य त्यामुळे मुबलक मिळू लागले. त्याला व्हिस्की म्हणावे काय, हा प्रश्न लंडनच्या इझलिंग्टन भागातील विक्रेत्यांवर १९०५ मध्ये झालेल्या खटल्याने ऐरणीवर आणला. अखेर १९०९ मध्ये शाही आयोगाने होकारार्थी उत्तर दिले व मॉल्ट आणि धान्यमद्य यांच्या मिश्रणाला प्रतिष्ठा लाभली.

आज स्कॉचसाठी २००९ चे नियम लागू आहेत. मद्य स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरविलेले असावे. मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी नसावे. पाणी व साधा कॅरॅमल रंग याखेरीज काही मिसळू नये. त्यात पाच प्रकार मानले आहेत. वाचकाची सर्वाधिक गफलत होते ती 'सिंगल' या शब्दापाशी. एकाच पिंपातील वा एकाच धान्याचे मद्य असा त्याचा अर्थ नाही. एकाच आसवनीत तयार झालेले, एवढेच तो सांगतो. मोड आणून वाळविलेला सातू म्हणजे मॉल्ट. केवळ मॉल्टपासून, एका आसवनीतील पॉट स्टिलमध्ये काढलेली ती सिंगल मॉल्ट. अशा अनेक आसवनींच्या मॉल्ट एकत्र केल्यास 'ब्लेंडेड मॉल्ट', आणि मॉल्टबरोबर धान्यव्हिस्की मिसळल्यास नुसती 'ब्लेंडेड' व्हिस्की. सिंगल ग्रेन व ब्लेंडेड ग्रेन हे उरलेले दोन प्रकार सामान्य ग्राहकाच्या वाट्याला क्वचित येतात.

एका शब्दाने किती फरक पडतो हे २००३ मध्ये दिसले. 'कार्डू' या सिंगल मॉल्टचा साठा मागणीला अपुरा पडू लागला, तेव्हा नाव तेच ठेवून तिच्यात इतर आसवनींच्या मॉल्ट मिसळण्यात आल्या व बाटलीवर 'प्युअर मॉल्ट' असे छापण्यात आले. खुद्द स्कॉच उद्योगातूनच यावर एवढी टीका झाली की ते उत्पादन मागे घ्यावे लागले. 'प्युअर मॉल्ट' हा शब्दप्रयोग २००९ च्या नियमांनी वर्ज्य ठरविला.

अमेरिकेच्या बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ओकचे पिंप नवे व आतून जाळलेले असावे लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनला चालत नसल्याने ते मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जाते. अनेक स्कॉच व्हिस्कींच्या वर्णनात आढळणारे 'व्हॅनिला' व 'नारळ' हे शब्द या व्यवहाराशी निगडित आहेत. ओकमधील लिग्निनच्या विघटनाने व्हॅनिलिन निर्माण होते, तर नारळाची आठवण करून देणारे लॅक्टोन अमेरिकन ओकमध्ये विपुल असते. शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत मनुका-अंजिराची छटा येते.

आस्वादाची परिभाषा म्हणजे निव्वळ कविकल्पना नव्हे. एडिंबरोजवळच्या पेंटलंड्स येथील संशोधकांनी १९७९ मध्ये गंधशब्दांचे एक चक्र मांडले. प्रत्येकाने 'फळासारखा' म्हणताना तोच गंध अभिप्रेत धरावा, हा त्यामागील हेतू. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. एस्टरच्या परीक्षेत तो 'फळासारखा वास' अशी नोंद करतो, आणि पिकल्या केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल ॲसिटेट व्हिस्कीतही असते. पीट या दलदलीतील इंधनाच्या धुरावर मॉल्ट वाळविल्यास त्यात फिनॉल वर्गातील द्रव्ये उतरतात. 'धुरकट', 'औषधी', 'दवाखान्यासारखा' हे शब्द त्यांचेच. फिनॉलचे आकडे मात्र सामान्यतः मॉल्टचे असतात, बाटलीतील व्हिस्कीचे नव्हेत, कारण आसवनात त्यांचा मोठा भाग गळून जातो.

व्यावसायिक परीक्षक बहुधा नमुना सुमारे २० टक्के मद्यार्कापर्यंत पातळ करून हुंगतात. पाणी घातल्याने व्हिस्की 'बिघडते' ही समजूत त्यामुळे टिकत नाही. धुरकट गंधाचे ग्वायकॉल हे द्रव्य पाण्याचे प्रमाण वाढल्यावर पृष्ठभागाकडे सरकते, असे स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीद्वारे दाखविले.

भारतात प्रश्न मुळापासूनच निराळा आहे. येथील अनेक स्वस्त व्हिस्कींचा पाया धान्याचा नसून उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही मळी नवी नाही. युरोपीय संघात असे मद्य 'व्हिस्की' या नावाने विकता येत नाही. दुसरीकडे, बंगळूरुच्या अमृत आसवनीने २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट प्रथम ग्लासगोत सादर केली, आणि गोव्यात तयार होणारी 'पॉल जॉन' २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आली. या व्हिस्कींसमोर अडचण उभी राहते ती वयाच्या आकड्याची. बाटलीवरील वय हे मिश्रणातील सर्वांत कोवळ्या मद्याचे असते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाकाठी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. बंगळूरु-गोव्याच्या उष्ण हवेत ही घट कित्येक पटींनी अधिक असते आणि लाकडाचे गुणही लवकर उतरतात. बारा वर्षे थांबल्यास पिंपात फारसे उरणारच नाही. म्हणून भारतीय सिंगल मॉल्टच्या बहुतेक बाटल्यांवर वय छापलेले नसते, आणि स्कॉचच्या सवयीने आकडा शोधणारा ग्राहक त्या कोवळ्या समजून फडताळात परत ठेवतो.