जुन्या चेतकचा गंजलेला बोल्ट निघत नाही? जोर लावण्याआधी हे वाचा

आकुर्डीत १९७२पासून बनलेली बजाज चेतक अनेक पुणेकरांच्या पार्किंगमध्ये अजून उभी आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणायची, तर पहिली गाठ पडते गंजलेल्या नट-बोल्टशी.

का अडकतो?
इंजिनची केसिंग अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट पोलादाचा. ओलावा शिरला की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते. अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

कसा सोडवायचा?
• वायर ब्रशने साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर थांबा.
• डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. रिंग पाना वापरा, म्हणजे कोपरे झिजत नाहीत.
• किंचित सैल, किंचित घट्ट असे आलटूनपालटून फिरवा.
• तरीही हलला नाही, तर केसिंग हीट गनने तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सुटते. त्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा आणि सांडलेले तेल पुसा.

नुसताच फिरतोय?
नटबरोबर बोल्ट फिरत असेल, तर मागून दुसऱ्या पान्याने धरा. आटे गेले असतील, तर डोक्याखाली स्क्रू-ड्रायव्हर सरकवून बाहेर ओढ देत फिरवा. डोकेच तुटले, तर काम लेथवाल्याकडे द्या.

सर्वांत मोठा धोका
चेतकची रिम दोन भागांची असते. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय हे भाग जोडणारे नट खोलू नका. दाबाने रिम उसळून गंभीर इजा होऊ शकते.

नवे नट-बोल्ट नाना पेठेत मिळतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावा.