'जलद'च्या उलट काय?

परीक्षेत 'जलद'चा विरुद्धार्थी शब्द विचारला, की बहुतेक मुले 'हळू' असे लिहितात. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. अडचण येते ती वाक्य लिहिताना.

'जलद' हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतील 'जल्द' जसा उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. (संस्कृतातील 'जलद' म्हणजे ढग; तो शब्द वेगळा.) मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर 'जलद लोकल' अशी घोषणा तुम्ही ऐकली असेल. तिच्या उलट 'हळू लोकल' असे कोणी म्हणत नाही. ती 'धीमी लोकल'. गंमत अशी, की दोन स्थानकांमध्ये धीमी लोकलही चांगली वेगाने धावते. ती प्रत्येक स्थानकावर थांबते, म्हणून धीमी. ज्याला करी रोडला उतरायचे आहे, तो भायखळ्याला चुकून जलद लोकलमध्ये चढला, तर थेट दादरला पोहोचतो!

नदी संथ वाहते. वारा मंद वाहतो. पाहुण्यांना आपण 'सावकाश जेवा' म्हणतो. 'हळू' हा शब्द तर आवाजालाही लागतो. 'हळू बोल, बाळ झोपले आहे,' या वाक्यात वेगाचा काही संबंध नाही.

उर्दू बोलणाऱ्या मुलांची खरी फसगत होते ती 'तेज' या शब्दाने. उर्दूत गाडी तेज, सुरी तेज आणि ऊनही तेज. मराठीत सुरी धारदार असते. तिच्या उलट बोथट. दुपारचे ऊन कडक, तर सकाळचे कोवळे. चहासुद्धा कडक असतो, पण त्याच्या उलट 'कोवळा चहा' म्हणालात तर लोक हसतील. तो पाणचट चहा!

शिवाय मराठीत संस्कृतातून आलेला दुसरा 'तेज' आहे. त्याचा अर्थ चमक, कांती. 'आजोबांच्या चेहऱ्यावर आज तेज नाही,' या वाक्यावरून आजोबा हळू चालतात असे समजू नका. त्यांचा चेहरा निस्तेज आहे. कदाचित त्यांना बरे नसेल.

बाजारात मात्र दोन्हीकडचे शब्द शेजारी बसले आहेत. भाव चढले की फारसी 'तेज'वरून आलेली तेजी, उतरले की संस्कृत 'मंद'वरून आलेली मंदी. वर्तमानपत्रातील बाजारभावाच्या बातम्या वाचा. ही जोडी तेथे नक्की भेटेल.