आपली नगरपालिका, भाग 6 : बझर वाजायच्या आधी

2 डिसेंबर 2025, मंगळवार. आमचं मतदान केंद्र मराठी शाळेतल्या तिसरीच्या वर्गात होतं. रांगेत माझ्यापुढे समोरच्या आळीतल्या काकू होत्या. बोटाला खूण करून त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या, एक बटण दाबलं आणि पदर सावरत दाराकडे निघाल्या.

"काकू, थांबा. अजून दोन राहिलीत," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"अहो, दिलं की एकाला. तीनतीनदा कशाला?"

वर्गात हसू पिकलं. काकू परत आत गेल्या. बराच वेळ गेला, मग एकदाचा बझर वाजला. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "एकाला मनापासून दिलं. बाकी दोन बोट गेलं तिथं."

काकूंना हसणाऱ्या आम्हा मंडळींपैकी किती जणांना हा तीन मतांचा हिशेब सांगता आला असता, याची मला शंका आहे. विधानसभेला एक यंत्र, एक बटण, एक बझर. नगरपरिषदेला मात्र प्रत्येक प्रभागात दोन जागा, 'अ' आणि 'ब', आणि वर नगराध्यक्ष. म्हणजे तीन मतं. सदस्यसंख्या विषम असेल तर एखाद्या प्रभागात तीन जागा येतात, तिथे चार मतं. सगळी मतं देऊन झाल्याशिवाय बझर वाजत नाही. कोणीच पसंत नसेल तर प्रत्येक जागेसाठी 'नोटा' वेगळा. नगरपंचायतीत प्रभागाला एकच सदस्य, त्यामुळे तिथे दोन मतांत काम भागतं. विधानसभेला काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी इथे नसते, हेही लक्षात ठेवा. परवा एका वाचकाने फोन करून "आमच्या केंद्रावर चिठ्ठीचं यंत्र लपवून ठेवलं होतं" अशी तक्रार केली. लपवलं नव्हतं, मुळात आणलंच नव्हतं.

'अ' आणि 'ब' म्हणजे प्रभागाचे दोन तुकडे, असा एक समज पक्का बसलाय. 'अ' म्हणजे रस्त्याच्या अलीकडचा भाग, 'ब' म्हणजे पलीकडचा. तसं नाही. भाग एकच, मतदार तेच, खुर्च्या दोन. प्रत्येक खुर्चीचं आरक्षण वेगळं आणि तिची लढतही वेगळी. 'अ' जागा महिलेसाठी राखीव असली तर तिथे फक्त महिला उमेदवार, आणि त्यांची झुंज एकमेकींशी. म्हणून असं होतं की 'अ' मध्ये नऊशे मतं घेणारी बाई पडते आणि 'ब' मध्ये सातशे घेणारा गुलाल उधळतो. दोघंही त्याच मतदारांपुढे गेलेले असतात. निकालाच्या दिवशी चौकात यावरून हमखास वाद होतो, आणि समजावणारा माणूस दोन्हीकडून शिव्या खातो. पक्षांचा जोर पॅनेलवर असतो, "तिन्ही बटणं एकाच चिन्हाची" अशी रिक्षा गावभर फिरते. पण छोट्या गावात मतदार नातं, शेजार आणि उधारी बघून मतं वाटून देतो. एक आपल्या माणसाला, एक पक्षाला, आणि एक ज्याने आदल्या रात्री 'लक्ष्मीदर्शन' घडवलं त्याला.

तिसऱ्या बटणाची कहाणी तर एखाद्या मालिकेसारखी आहे. नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, यावर महाराष्ट्राचं मत पुन्हा पुन्हा बदलतं. 2001 मध्ये थेट निवड आली. 2006 मध्ये ती गेली आणि पुन्हा नगरसेवकांच्या हातात अडीच वर्षांची खुर्ची आली. 2016 मध्ये थेट निवड परतली, 2020 मध्ये ती रद्द झाली, 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडीच्या बाजूने सांगतात की नगरसेवकांचा घोडेबाजार आणि सहलींचा खर्च थांबतो. विरोधातले म्हणतात की नगराध्यक्ष एका पक्षाचा, बहुमत दुसऱ्याचं, आणि पाच वर्षं सभागृहात नुसती खडाखडी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माझा कल थेट निवडीकडे आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं: नगरसेवकांना उचलून रिसॉर्टवर नेता येतं, वीस हजार मतदारांना नेता येत नाही. पण ही पद्धत निवडणुकीच्या तोंडावर बदलत राहिली की लोकांना कुठलंच गणित पाठ होत नाही. काकूंचं काय चुकलं मग?

आता या भागाचा खरा विषय. बटण दाबणं हा शेवटचा अंक. त्याआधी तीन कागद निघतात आणि निम्मं नाटक त्यांच्यावरच ठरतं. तिन्ही कागद नगरपरिषदेच्या भिंतीवर डकवलेले असतात. त्यांच्यासमोर उभी असतात ती इच्छुक मंडळी आणि त्यांचे पोरसवदा कार्यकर्ते, मोबाईलवर फोटो काढत. बाकी गाव जन्मदाखल्याच्या खिडकीपुढे.

पहिला कागद प्रभागाच्या हद्दीचा. नकाशा उत्तरेकडून आखायला घेतात, मग ईशान्येकडून पूर्वेला येतात, तिथून पश्चिमेकडे सरकतात आणि शेवट दक्षिणेत करतात. प्रभागांचे क्रमांकही याच क्रमाने. 2025 ची निवडणूकसुद्धा 2011 च्या जनगणनेवरच झाली, कारण नंतरची जनगणना झालेलीच नव्हती. सरासरी लोकसंख्येच्या दहा टक्के इकडे किंवा तिकडे, एवढीच मोकळीक. जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही, शक्यतो नदी, नाला, मोठा रस्ता ही हद्द धरायची. नियम वाचताना वाटतं, यात खोट करायला जागाच कुठे आहे? जागा आहे. दहा टक्क्यांच्या मोकळिकीत एखादी गल्ली सहज या प्रभागातून त्या प्रभागात जाते. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा ज्या प्रभागात त्यांचं प्रमाण जास्त तिथे उतरत्या क्रमाने पडतात, म्हणजे एक गट सरकला की आरक्षण शेजारच्या प्रभागात जाऊ शकतं. एखाद्या मातब्बर नगरसेवकाचा पत्ता असा मतदानाच्या कितीतरी आधी कटतो. आणि 2011 नंतर वसलेल्या वसाहती? नकाशावर आजही तिथे शेतच आहे. आमच्या बायपासलगतच्या तीन मोठ्या वसाहती ज्या प्रभागात आल्या, तिथे कागदावरची लोकसंख्या आणि प्रत्यक्ष मतदार यांचा काही ताळमेळ नाही.

दुसरा कागद सोडतीचा. हा कार्यक्रम मात्र बघण्यासारखा. सभागृहात पारदर्शक डबा, त्यात एकसारख्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, आणि त्या काढायला शाळेतली मुलं बोलावतात. पोरगं हात घालतं, साहेब चिठ्ठी उलगडून सगळ्यांना दाखवतात, आणि मागच्या बाकांवर कोणीतरी डोक्याला हात लावतो. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. नगराध्यक्षपदांची सोडत मात्र मुंबईत, मंत्रालयात होते. या खेपेची 6 ऑक्टोबर 2025 ला झाली. पद महिलेसाठी निघालं की संध्याकाळपर्यंत गावात नवे फलक लागतात. कालपर्यंत 'भावी नगराध्यक्ष' असलेले भाऊ कोपऱ्यात सरकतात, मध्ये वहिनी येतात. या गोष्टीची टिंगल करणं सोपं आहे, मीही केली आहे. पण अशाच सोडतीतून आलेल्या दोन नगरसेविकांना मी नंतर पाणीपुरवठ्याच्या टाकीवर चढून व्हॉल्व्ह बघताना पाहिलंय, तेव्हापासून जरा जपून बोलतो.

ओबीसी जागांचं प्रकरण याच कागदावरून कोर्टात गेलं. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करा, प्रत्येक संस्थेसाठी प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण निम्म्यावर जाऊ देऊ नका. त्यातून निवडणुका अडल्या. 2016 च्या हिवाळ्यात निवडून आलेल्यांची मुदत संपली तरी नवे आले नाहीत, प्रशासक बसले. शेवटी 6 मे 2025 च्या न्यायालयाच्या आदेशाने गाडी हलली. पहिल्यांदा मत द्यायला आलेला एकवीस वर्षांचा मुलगा 2016 ला सहावीत होता.

तिसरा कागद मतदार यादीचा, आणि सगळ्यात कमी वाचला जातो तोच. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेची यादी घेतो, यावेळी 1 जुलै 2025 ची, आणि ती प्रभागांनुसार फोडली जाते. 'यादी फोडणं' हाच शब्द कार्यालयात चालतो. नाव नव्याने घालायचा किंवा वगळायचा अधिकार इथे नाही. ते विधानसभेच्या यादीतच व्हायला हवं. इथे दुरुस्त होतात त्या फोडताना झालेल्या चुका: नाव भलत्या प्रभागात गेलं, लिहिण्यात काही घोळ झाला, विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं. दोनदा असल्याचा संशय असलेल्या नावापुढे यावेळी दोन तारे छापले होते. अशा मतदाराने कुठल्या एका केंद्रावर मत देणार ते लिहून द्यायचं.

यादी फोडणारा कर्मचारी बहुधा कर विभागातला किंवा पाणीपट्टीवरचा. हातात जुनी यादी, त्यात पत्ता म्हणून 'घर क्र. 0' किंवा नुसतं 'गावठाण'. दिवस मोजके. चुका होणारच.

आमच्याच वाड्यात झाली. ऑक्टोबरमध्ये प्रारूप यादी लागली तेव्हा मी सहज बघायला गेलो. सहज म्हणजे हीच लेखमाला डोक्यात होती म्हणून, नाहीतर मीही गेलो नसतो. आमचं घर आणि भिंतीला भिंत लागून असलेलं अण्णांचं घर, दोन्ही नदीपलीकडच्या प्रभागात. मी खिडकीवर अर्ज दिला, जोडीला वीजबिल. संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "एकाचं झालं की दोघांचं होईल. भिंत एकच आहे."

अंतिम यादीत माझ्या घरातली चार नावं परत आली. अण्णांकडची पाच नदीपलीकडेच राहिली.

हा सगळा कारभार उरकून 2 डिसेंबर उजाडला, तरी काही ठिकाणी मतदान झालंच नाही. बारामती, अंबरनाथ अशा काही नगरपरिषदांत उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचे निकाल उशिरा आल्याने माघारीला पुरेसा वेळ मिळाला नव्हता, म्हणून तिथली तारीख 20 डिसेंबर झाली. मग एका गावच्या निकालाचा दुसऱ्या गावावर परिणाम नको म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्याच मतमोजणीला 21 डिसेंबरची तारीख दिली. एकोणीस दिवस यंत्रं कुलपात आणि बाहेर सर्व पक्षांचे कार्यकर्ते थंडीत शेकोटी करून पहाऱ्याला. चहा एकाच टपरीवरचा, बिलं मात्र वेगवेगळी.

मतदानादिवशी सकाळी मी आणि अण्णा एकाच वेळी फाटकातून बाहेर पडलो. मी डावीकडे शाळेकडे वळलो, ते उजवीकडे पुलाकडे. दीड तासाने परत आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "तुंबलेली गटार माझ्या दारातली, आणि मत दिलं पलीकडच्या माणसाला. तो कशाला येतोय बघायला?"

(पुढच्या आठवड्यात : निवडणूक न लढवता सभागृहात बसणारे स्वीकृत सदस्य)