टर्बो आहे, मग प्लग किती थंड?

टर्बो पेट्रोल गाडी रीमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलून) घेतली की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : ‘बूस्ट वाढवलाय, आता प्लग दोन नंबर थंड टाका. इंजिन थंड राहील आणि करंटही जोरात येईल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या एवढ्याशा सल्ल्यात तीन चुका आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : टर्बोला प्लग जितका थंड, तितका चांगला. ही समजूत काढायलाच हवी, कारण तिच्यापायी धडधाकट इंजिनं विनाकारण मिसिंग मारू लागतात.

घोळ शब्दांपासूनच सुरू होतो. ‘गरम’ प्लगची ठिणगी गरम नसते आणि ‘थंड’ प्लगची जोरदार नसते. ठिणगीत किती ऊर्जा आहे ते इग्निशन कॉइल ठरवते. प्लगची हीट रेंज सांगते ती वेगळीच गोष्ट : ज्वलनात प्लगचं टोक तापतं, ती उष्णता किती वेगाने सिलिंडर हेडमध्ये निघून जाते. आतल्या पांढऱ्या सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णतेला धातूपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं; तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन बाहेर पडते. तो थंड प्लग. या रेंजची एकेक पायरी म्हणजे गॅरेजच्या भाषेतला एकेक ‘नंबर’. म्हणजे थंड होतं ते प्लगचं टोक. इंजिन थंड ठेवण्याचं काम रेडिएटर आणि कूलंट करतात, प्लग नव्हे.

आता टर्बोचा संबंध येतो आणि तो खरा आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढला की प्रत्येक स्फोटात जास्त हवा, जास्त इंधन आणि म्हणून जास्त उष्णता. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावं लागतं. त्याच्या फार वर गेलं तर टोक स्वतःच निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतं. हे प्री-इग्निशन. पिस्टन अजून वर चढत असतो आणि खाली ढकलणारा दाब मात्र आधीच तयार झालेला असतो. नॉकिंग वेगळं, ते ठिणगीनंतर होतं, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू टायमिंग मागे घेऊन सावरतो. प्री-इग्निशनमध्ये ठिणगीची वाटच कुणी पाहत नाही, तिथे टायमिंग मागे घेऊन काय उपयोग? पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे जास्त बूस्टला कंपनीच्या मूळ प्लगपेक्षा थंड प्लग लागू शकतो, यात वाद नाही.

वाद आहे तो ‘जितका थंड तितका’ या भागाशी. ५०० अंश ही खालची मर्यादाही तितकीच खरी आहे. त्याच्या वर टोकावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याच्या खाली ती साठते, आणि काजळीतून वीज वाहते. मग कॉइलचा करंट गॅपमधून उडी मारण्याऐवजी सिरॅमिकवरच्या काजळीवरून सरळ धातूच्या कवचात उतरतो. ठिणगीच पडत नाही. पुण्या-मुंबईच्या गाडीचं रोजचं चालणं डोळ्यांसमोर आणावं : थंड इंजिनवर स्टार्ट, तीन किलोमीटरवर शाळा, सिग्नलला आयडलिंग, परत घर. पूर्ण बूस्ट दिवसातून मिनिटभरसुद्धा मिळत नाही. या गाडीत दोन नंबर थंड प्लग टाकला तर तो कधी पुरेसा तापतच नाही. काही आठवड्यांत सकाळी स्टार्टिंगचा त्रास, आयडलिंगला थरथर, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान. आणि मग दोष रीमॅपवर येतो.

रेसिंगवाल्यांना ही अडचण नव्वद वर्षांपूर्वीच ठाऊक होती. १९३०च्या दशकातल्या ग्रां प्री गाड्या, उदाहरणार्थ १९३७ची मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १२५, सुपरचार्जरवर धावत. म्हणजे तेही बूस्टचंच इंजिन. त्या काळच्या अशा गाड्या गरम प्लगवर सुरू करून तापवल्या जात आणि शर्यतीआधी मेकॅनिक ते सगळे प्लग काढून थंड प्लग बसवत. थंड प्लगवर आयडलिंग केलं तर ते काजळून बंद पडणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला दर सिग्नलला प्लग बदलता येत नाहीत.

मग किती थंड? प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीचा ढोबळ नियम असा की मूळ ताकदीत ७५ ते १०० हॉर्सपॉवरची भर पडली तर एक नंबर थंड. भारतातल्या एक लिटर टर्बो गाड्या कंपनीकडून साधारण १००-१२० हॉर्सपॉवरच्या येतात. नुसत्या रीमॅपने त्यात ७५ची भर पडत नाही. अर्थात हा नियमही डोळे मिटून लावू नये. आठ सिलिंडरमध्ये ७५ वाटले तर प्रत्येकी नऊ-साडेनऊ येतात, तीन सिलिंडरमध्ये वाटले तर पंचवीस, म्हणून लहान इंजिनाला पायरी लवकर लागू शकते. जोरकस रीमॅप असेल, गाडी घाटात किंवा ट्रॅकवर खेचली जात असेल, तर एक नंबर थंड प्लग समजण्यासारखा आहे. दोन नंबर मागायचे तर टर्बो, इंजेक्टर आणि इंधन बदललेलं असावं.

फुल बूस्टला गाडी मिसिंग मारते म्हणून थंड प्लग टाकणारेही भेटतात. तिथे हीट रेंजचा प्रश्नच नसतो. दाब वाढला की तेवढ्याच गॅपमधून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. फीलर गेज घेऊन गॅप १ मिलिमीटरवरून ०.७च्या आसपास आणला की बहुतेकदा मिसिंग थांबतं. नाहीच थांबलं तर कॉइल तपासावी.

प्लग विकत घेताना आकड्यांचाही घोळ होतो. ‘नंबर मोठा म्हणजे थंड’ हे एनजीके आणि डेन्सोला लागू. बॉश आणि चॅम्पियनमध्ये मोठा नंबर म्हणजे गरम. बॉशच्या जुन्या प्लगवर तर उलटं होतं, डब्ल्यू २२५ हा डब्ल्यू १७५पेक्षा थंड. नव्या आकड्यांत तेच अनुक्रमे ५ आणि ७ झाले. त्यामुळे एका ब्रँडचा आकडा दुसऱ्याच्या दुकानात सांगू नये, तक्ता पाहावा.

इरिडियम प्लग म्हणजे थंड प्लग नव्हे; इरिडियम सुमारे २,४५० अंशांना वितळतं म्हणून टोक बारीक ठेवता येतं आणि ते जास्त टिकतं, हीट रेंज मात्र त्याच्या नंबरवरच ठरते. ‘कॉपर प्लग’चं टोक तांब्याचं नसतं, निकेलच्या मिश्रधातूचं असतं, तांबं आतल्या गाभ्यात, आणि ते इरिडियम प्लगमध्येही असतं.

लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर एकदम पाय दाबला की होणारं प्री-इग्निशन बहुतांशी सिलिंडरमध्ये आलेल्या ऑइलच्या थेंबांमुळे आणि साठलेल्या कार्बनमुळे होतं. त्यावरचा उपाय थंड प्लग नव्हे, तो ऑइलच्या डब्यावर आहे : २०१८मध्ये आलेलं एपीआय एसएन प्लस किंवा त्यानंतरचं मानक.

आणि एवढं सगळं नीट निवडूनही प्लग सैल बसवला तर निवड वाया जाते. टोकाची बरीचशी उष्णता कवच, आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. वॉशर नीट दबला नाही तर थंड प्लगही गरम चालतो. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरवाल्याला १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण मग त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. हे आकडे हाताच्या अंदाजाने येत नाहीत, त्यासाठी टॉर्क रेंच लागतो, आणि इंजिन गार असताना बसवलेलं बरं.