लिमोनच्या रेल्वेचा हिशेब

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या चिमुकल्या देशाला दोन समुद्र लाभले आहेत. पश्चिमेला पॅसिफिक, पूर्वेला कॅरिबियन. पूर्वेचा सारा किनारा म्हणजे लिमोन प्रांत. राजधानी सान होसेहून डोंगर उतरून तिथे पोचले, की देशच बदलल्यासारखा वाटतो. स्पॅनिशच्या जोडीला जमैकन वळणाची इंग्रजी कानी पडते. ताटात नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात येतो. हे सारे इथे आले कुठून? उत्तर आहे रेल्वेत.

१५०२ मध्ये, चौथ्या सफरीत, कोलंबस या किनाऱ्याला लागला होता. पण लिमोनचे नशीब पालटले ते कॉफीमुळे. डोंगरातली कॉफी पॅसिफिक बंदरातून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून युरोपला जाई. हा फेरा वाचावा म्हणून सरकारने लंडनमध्ये कर्ज काढले आणि १८७१ मध्ये रेल्वेचे काम सुरू झाले. घनदाट जंगल, दलदल, हिवताप! हजारो मजूर दगावले. पैसाही आटला.

बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याची नजर पुढच्या व्यवहारावर खिळते. १८८४ चा करार असा : मायनर कीथ या अमेरिकन कंत्राटदाराने थकलेल्या कर्जाची व्यवस्था लावून रेल्वे पुरी करायची, मोबदल्यात रेल्वे ९९ वर्षांच्या पट्ट्याने त्याच्याकडे, शिवाय आठ लाख एकर जमीन! १८९० मध्ये रेल्वे पुरी झाली. कॉफीसाठी बांधलेल्या रेल्वेवर केळीचे राज्य आले आणि १८९९ मध्ये कीथच्या भागीदारीतून युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली.

कागदावर हिशेब जुळला. पण खरे हप्ते फेडले ते जमैकाहून आलेल्या मजुरांनी. रूळ त्यांनी टाकले, केळीचे घड त्यांनी वाहिले. पुढे केळीवर रोग पडला, कंपनी पॅसिफिककडे वळली. तेव्हा १९३४ च्या कायद्याने तिकडच्या मळ्यांवर कृष्णवर्णीयांना कामावर घेण्यास बंदी घातली. लिमोनमध्येच जन्मलेल्या अनेकांना नागरिकत्वासाठी १९४९ साल उजाडावे लागले.

२२ एप्रिल १९९१ च्या भूकंपाने लिमोनचा किनारा वर उचलला गेला, प्रवाळ उघडे पडले, रेल्वेची दैना झाली.

आज प्रवासी येतात ते तोर्तुगेरोच्या वाळूत अंडी घालणारी हिरवी कासवे पाहायला. जरूर पाहावीत. पण ३१ ऑगस्ट हा कृष्णवर्णीयांचा दिवस देशभर पाळला जातो. त्या सुमारास लिमोनमध्ये रंगीबेरंगी कपड्यांतली मोठी मिरवणूक निघते, आजी-नातवंडे जोडीने चालतात. तीही पाहावी. रेल्वे ज्यांनी बांधली, त्यांचीच ही लेकरे.